सुकतीची वेळ गाठा

दिवाळीची सुट्टी लागली की घाटावरच्या गाड्या ताम्हिणी, कुंभार्ली, आंबा असे घाट उतरून कोकणाच्या दिशेने निघतात. पुण्याहून गुहागर गाठायला सहा-सात तास लागतात. पहिला दिवस गाडीतच सरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी घावन-चटणी खाऊन मंडळी पुन्हा गाडीत बसतात, कारण वेळणेश्वर बघायचे असते, हेदवीची बामणघळ बघायची असते, तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून गणपतीपुळे गाठायचे असते. दुपारी माशांचे भरगच्च ताट, मग डुलक्या घेत परतीचा प्रवास. मुक्कामी पोहोचेपर्यंत सूर्य बुडालेला असतो आणि ज्या समुद्रासाठी एवढा खटाटोप केला तो अंधारात नुसता ऐकू येतो. तिसऱ्या दिवशी सामान आवरून पुन्हा सहा-सात तास. तीन दिवसांचा हिशेब मांडला तर जागेपणीचे निम्म्याहून अधिक तास बसण्यात जातात आणि प्रत्यक्ष वाळूवर पाय लागतात ते तासा-दीड तासापुरते. याला कुणाचा आळस जबाबदार नाही. सहलीची आखणीच अशी असते की माणसाला हलायला जागा उरत नाही. समुद्रावरच्या सुट्टीत शरीर हलते राहावे यासाठी व्यायामाचा वेगळा कार्यक्रम लागत नाही, असे माझे ठाम मत आहे. ठिकाणांची यादी बाजूला ठेवून दिवस भरती-ओहोटीवर बेतला आणि गाडी मुक्कामी उभी ठेवली, की बाकीचे काम किनारा स्वतः करून घेतो.

तीन दिवसांच्या हालचालीने काय साधणार, ही शंका रास्त आहे. तीन दिवसांत कुणाची साखर कायमची उतरत नाही आणि कुणाचे पोटही जात नाही. पण आपण कोणत्या अवस्थेत सुट्टीवर निघतो ते एकदा पाहायला हवे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास आहे, तर स्त्रियांत ५७ टक्के. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ साली देशातील मधुमेहींचा आकडा दहा कोटींच्या वर गेल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांकडून आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल मागते, म्हणजे दिवसाला वीस-बावीस मिनिटे झपझप चालणे. शहरातल्या नोकरदाराला तेवढेही जमत नाही. ऑफिसची वेळ, लोकलची गर्दी, फुटपाथ गिळलेले रस्ते, घरातले दुखणे-खुपणे, अशी त्याची कारणे खरी असतात. सुट्टीत ती कारणे गळून पडतात. वर्षातले हे मोजके दिवस असे असतात की सकाळ आपली असते आणि संध्याकाळही. तेवढे दिवससुद्धा आसनाला चिकटून काढले तर मग चालायचे कधी?

सुट्टीत माणसे आपसूक जास्त हलतात, असे दाखवणारा पुरावा आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सुमारे तीनशे प्रौढांच्या मनगटाला वर्षभर मोजपट्टे बांधून त्यांचे रोजचे वागणे टिपले. सुट्टीच्या दिवसांत ही माणसे रोज सरासरी २१ मिनिटे जास्त झोपली आणि त्याच वेळी मध्यम ते जोरकस हालचालही त्यांनी पाचेक मिनिटे जास्त केली. त्यांचे बसणेही कमी झाले. याला दुसरी बाजू आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाने १२२ प्रौढांचे सुट्टीआधी आणि सुट्टीनंतर वजन केले, तेव्हा एक ते तीन आठवड्यांच्या सुट्टीत सरासरी सुमारे ३०० ग्रॅम वजन वाढलेले आढळले आणि दीड महिन्यानंतरही ते उतरले नव्हते. दोन्ही अभ्यास परमुलखातले आहेत, आपल्या सहलीची रीत निराळी आहे, म्हणून ते जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. तरी त्यातून एक गोष्ट नक्की घेता येते. झोप आणि हालचाल एकाच सुट्टीत एकत्र वाढू शकतात. ‘आम्ही आरामाला जातो, घाम गाळायला नाही’ हा सर्वांत जुना आणि सर्वांत आपुलकीचा आक्षेप या एका निष्कर्षाने बराचसा मिटतो. दमलेल्या माणसाला झोप हवीच. पण दिवसभर गाडीत आखडलेल्या पाठीला रात्री जी झोप लागते ती शिणवट्याची असते. दोन तास उघड्यावर चालून, खाऱ्या वाऱ्यात भूक लागून, चार घास सावकाश खाऊन जी लागते ती विश्रांतीची.

आता किनाऱ्यावर ‘ॲक्टिव्हिटी’ या नावाने जे विकले जाते त्याकडे वळू. बनाना राइड, जेट स्की, बोटीमागून उडणारी छत्री, वाळूवरून घरघरत जाणारी चार चाकांची मोटार, उंटाची फेरी, घोडागाडी. यांतल्या प्रत्येकात पाहुणा बसलेला असतो आणि हलते ते इंजिन किंवा जनावर. मुलांना यात मजा येते, ती मजा खरी आहे आणि पाच-दहा मिनिटे ती जरूर घ्यावी. मात्र ‘आम्ही खूप ॲक्टिव्हिटीज केल्या’ असे म्हणत परतणाऱ्या कुटुंबाचे स्नायू आले तसेच परत गेलेले असतात, हे विसरून चालणार नाही. त्याहून वाईट म्हणजे थेट वाळूवर गाडी घालणे. मनाईचे फलक असतानाही दर हंगामात काशीद, हर्णै, गुहागरच्या बाजूला भरतीच्या पाण्यात रुतलेल्या मोटारींची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. चाकांखाली वाळू दबते, खेकड्यांची बिळे बुजतात आणि हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी जिथे अंडी घालतात ती जागा घट्ट होऊन बसते. शेवटची शंभर पावलेही चालायची नाहीत, या सवयीचे हे टोक आहे.

वाळूवर चालणे म्हणजे काय, याचे मोजमाप झालेले आहे. बेल्जियममधल्या लूवाँ विद्यापीठातील संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले की कोरड्या वाळूत चालायला टणक जमिनीच्या तुलनेत २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते. पाऊल टेकते तेव्हा वाळू सरकते, पोटरीने दिलेला जोर पुढे नेण्याऐवजी खाली आणि मागे वाया जातो, आणि घोट्याभोवतीचे बारीक स्नायू तोल सावरण्यात गुंततात. म्हणून सुरूच्या बनातून किनाऱ्याकडे उतरताना जी पन्नास-साठ पावले भुसभुशीत वाळूतून टाकावी लागतात, तिथेच धाप लागते. पाण्याजवळ आले की चित्र पालटते. ओल्या वाळूच्या कणांमधले पाणी त्यांना एकमेकांशी धरून ठेवते, जमीन टणक होते, पावलाचा जेमतेम ठसा उमटतो आणि चाल मोकळी होते. एकाच किनाऱ्यावर दहा-वीस मीटरच्या अंतरात दमछाक करणारी जमीनही मिळते आणि लांब पल्ल्याला सोयीची जमीनही. ज्याला रोजची सवय नाही त्याने ओल्या पट्ट्यावरून चालावे, ज्याला आहे त्याने मधूनमधून वर कोरड्यात शिरावे. एक काळजी मात्र घ्यावी. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एकाच दिशेने चालत राहिले तर एक पाय सतत खालच्या अंगाला पडतो आणि कंबर, गुडघा कुरकुरतात. जेवढे जाल तेवढेच त्याच वाटेने परत या, म्हणजे भार दोन्ही पायांवर सारखा पडतो.

या चालण्याला लागणारी रुंद, टणक पट्टी दिवसभर उपलब्ध नसते. ती सुकतीला मिळते, म्हणजे ओहोटीला. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते; रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात याचे एक सोपे गणित पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पक्षातली तिथी घ्यावी, तिला पाऊणने गुणावे, जे येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, अमावास्येला आणि पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. आता हेच गणित दिवाळीला लावून पाहा. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला भरती सव्वाअकराच्या आसपास, म्हणजे ओहोटी पहाटे पाचच्या आणि संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास. अमावास्या असल्याने उधाणाचे दिवस, म्हणून पाणी नेहमीपेक्षा लांब मागे हटलेले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कोकणात सूर्यास्त सहाच्या थोडा पुढे होतो. उन्हे कललेली, वारा सुटलेला आणि पायाखाली किनाऱ्याची नेहमीपेक्षा रुंद पट्टी, असा योग दिवाळीत दरवर्षी येतो. भाऊबीजेला भरती दुपारी दीडला, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास ओहोटी. चहा घेऊन बाहेर पडावे तर किनारा तयारच असतो. उलट अष्टमीच्या आगेमागे उगवती-मावळतीला पाणी वर चढलेले असते आणि चालायला फक्त वरची भुसभुशीत वाळू राहते. त्या दिवशी किनारा सोडून गावाकडे वळावे. खाडीच्या मुखापाशी आणि गावागणिक या वेळा थोड्या मागेपुढे होतात, म्हणून मुक्कामी पोहोचल्यावर घरमालकाला किंवा जाळी सांधत बसलेल्या कोळ्याला ‘आज सुकती किती वाजता?’ एवढे विचारून घ्यावे.

गुहागरचेच उदाहरण घेऊ, कारण या गावाची ठेवणच चालणाऱ्याच्या सोयीची आहे. समुद्राला समांतर एक लांबलचक रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या, मध्यावर व्याडेश्वर, वरच्या पाटाला दुर्गादेवी, आणि कुठल्याही घराच्या मागच्या दाराने निघालात तरी काही मिनिटांत वाळू. किनारा जवळपास सहा किलोमीटर लांब आणि सलग. बेताच्या चालीने एक टोक ते दुसरे टोक सव्वा ते दीड तास, परतीला तेवढाच वेळ. म्हणजे आठवड्याभराला सांगितलेली दीडशे मिनिटे या एका किनाऱ्यावर एका दिवसात, सकाळ-संध्याकाळ वाटून पुरी होतात आणि कुणाला व्यायाम केल्यासारखे वाटतही नाही. दिवेआगरचा किनारा चारेक किलोमीटरचा आहे. दापोलीजवळच्या मुरूड आणि कर्दे इथेही एका गावातून दुसऱ्यात वाळूवरूनच जाता येते. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीची चढण आहे, गणपतीपुळ्याला सबंध डोंगराची प्रदक्षिणा आहे. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा पायऱ्या उतरून थेट समुद्राच्या खडकांवरून जाते. ती ओहोटीलाच करायची असते आणि भरतीत जीवघेणी ठरते. ज्यांनी या वाटा घालून दिल्या त्यांनी देवदर्शन, चालणे आणि समुद्राची वेळ या तिन्ही गोष्टी एकत्र गुंफल्या होत्या. आज प्रदक्षिणा वगळून, गाभाऱ्यासमोर दोन मिनिटे उभे राहून गाडीकडे परतणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप समुद्राच्या धोक्याचा आहे आणि त्याला घाईने उत्तर देता कामा नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतरही दर सुट्टीत कुठे ना कुठे अशी बातमी येतेच. म्हणून चालणे आणि पाण्यात उतरणे या दोन गोष्टींच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. ओहोटी चालण्याची वेळ आहे, डुंबण्याची नाही. पाणी मागे हटत असते तेव्हा ते माणसालाही आत ओढते आणि खाडीच्या मुखाशी ही ओढ सर्वांत जास्त असते. लाटा फुटताना मध्येच एखाद्या पट्ट्यात फेस दिसत नाही, पाणी गडद आणि शांत भासते; नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते, प्रत्यक्षात तिथूनच पाणी वेगाने खोल समुद्राकडे परतत असते. त्यात सापडलेला माणूस किनाऱ्याकडे हात मारत थकतो आणि बुडतो. ओढीशी झुंजू नये, अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करून मदत मागावी आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडावे. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक नेमलेले आहेत, लाल-पिवळ्या झेंड्यांमधली जागा पोहण्यासाठी राखलेली असते. कोकणातल्या बहुतेक किनाऱ्यांवर अशी सलग व्यवस्था नाही. तिथे पाण्यात जायचे ते भरती चढत असताना, सोबतीने, कमरेच्या आत, आणि मद्य घेतले असेल तर अजिबात नाही. जून ते ऑगस्ट समुद्रात पाऊलही घालू नये. इतके पाळूनही ज्याला भीती वाटते त्याने पाण्यात नाही उतरले तरी काही बिघडत नाही. किनाऱ्यावरची खरी मेहनत वाळूतच आहे.

वय आणि दुखणी यांचे काय? गुडघे दुखणाऱ्याने कोरडी वाळू टाळावी, ओल्या पट्टीवर पंधरा मिनिटे चालावे, थांबावे, पुन्हा चालावे. घोटाभर पाण्यातून चालले तर पाण्याच्या अडथळ्याने स्नायूंना काम मिळते आणि वेग आपोआप बेताचा राहतो. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायांची जाणीव कमी झाली आहे त्यांनी अनवाणी चालू नये. शिंपला कापून गेला तरी त्यांना कळत नाही आणि ती जखम महिनोन्‌महिने चिघळते. जेवणाबद्दलही थोडे. उकडीचे मोदक, सुरमईची तुकडी, सोलकढी सोडून कोकणातून परत यावे असे कुणी म्हणणार नाही. पण २०१२ साली ऑस्ट्रेलियात १९ स्थूल प्रौढांवर झालेल्या प्रयोगात, दर वीस मिनिटांच्या बसण्यानंतर दोन मिनिटे चालल्याने जेवणानंतरची रक्तातली साखर अखंड बसण्याच्या तुलनेत सुमारे २४ ते ३० टक्के कमी राहिली. प्रयोग लहान आहे, तरी आपल्या शतपावलीच्या बाजूने तो बोलतो. भरल्या पोटी लगेच गाडीत बसण्यापेक्षा वाडीतून एक फेरी मारणे कितीतरी शहाणपणाचे.

ऊन आणि दमट हवा ही अडचण खरी आहे. कोकणात घाम येतो पण सुकत नाही, त्यामुळे अंग निवत नाही. अकरा ते चार सावलीतच काढावेत. ती वेळ झोपेची, वाचनाची, झोपाळ्याची. पाण्याबरोबर शहाळे, चिमूटभर मीठ घातलेले कोकम सरबत किंवा ताक घ्यावे. या दुपारच्या विश्रांतीला माझा कसलाही विरोध नाही. उलट पहाटे आणि संध्याकाळी चालायचे तर ती हवीच.

स्त्रियांच्या हालचालीचा प्रश्न मला यापेक्षा मोठा वाटतो. वर दिलेला ५७ टक्क्यांचा आकडा किनाऱ्यावरही दिसतो. पुरुष आणि मुले पाण्यात, खेळात; आई, आजी, काकू चपला, मोबाइल, टॉवेल आणि पिशव्या सांभाळत चटईवर. ओल्या साडीत किंवा चिकटलेल्या सलवारीत चारचौघांसमोरून परतायचे, कपडे बदलायला आडोसा नाही, स्वच्छतागृह लांब, मग पाण्याजवळच कशाला जा, असा साधा विचार त्यामागे असतो. उपदेशाने हे बदलणार नाही. घरच्यांनी सामान राखायच्या पाळ्या लावल्या आणि गावाने कपडे बदलायच्या दोन स्वच्छ खोल्या बांधल्या तर बदलेल. सकाळची सुकती या दृष्टीनेही चांगली, कारण त्या वेळी किनाऱ्यावर गर्दी नसते आणि नजराही नसतात.

मुलांना वेगळे काही सांगावे लागत नाही, फक्त वेळ द्यावा लागतो. पाच ते सतरा वयाला रोज तासभर हालचाल हवी, असे आरोग्य संघटना सांगते. घरी अंगणात माती कालवून दिवाळीचा किल्ला करणाऱ्या पोरांना ओली वाळू मिळाली की तास कसा जातो कळत नाही. खणणे, बालदीने पाणी वाहणे, उकिडवे बसणे, उठून पळणे यात सगळे अंग कामाला लागते. आणि मालवण-तारकर्ली-वेंगुर्ल्याकडे गेलात तर सकाळी रापण ओढताना पाहायला मिळेल. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे सोडतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्हीकडे माणसांची रांग लागते. दोर कमरेशी धरायचा, टाचा वाळूत रोवायच्या, अंग मागे झोकायचे आणि एका तालात पाऊल-पाऊल मागे सरायचे. मागच्या टोकाला पोहोचलेला माणूस दोर सोडून पुन्हा पुढे पाण्यापाशी येतो. जाळे वर यायला बराच वेळ लागतो. विचारले तर काही ठिकाणी पाहुण्यालाही दोराला हात लावू देतात. तो त्यांच्या पोटापाण्याचा उद्योग आहे याचे भान ठेवून, मध्ये लुडबुड न करता हात लावावा. शरीर कसे वापरायचे हे तिथे दहा मिनिटांत कळते.

शेवटचा आक्षेप पोटाचा. सगळे चालू लागले तर जलक्रीडावाल्यांनी, गाडीवाल्यांनी काय करायचे? यादी घेऊन धावणारा पाहुणा प्रत्येक गावात तासभर थांबतो, नारळपाणी पितो आणि पुढे जातो. चालणारा पाहुणा एका गावात तीन दिवस राहतो. त्याचे जेवण, चहा, वाडी दाखवणारा मुलगा, खाडीत होडी वल्हवणारा, घरी न्यायला घेतलेली आमसुले-फणसपोळी, सगळे त्याच गावात. वेळासला कासव महोत्सवाच्या निमित्ताने हेच घडले. पिल्ले समुद्रात सोडतात त्या सकाळ-संध्याकाळच्या वेळा गाठायच्या म्हणून लोक गावातच घरगुती मुक्काम करू लागले आणि किनाऱ्यापर्यंत चालत जाऊ लागले. त्या पैशावर गावातली घरे उभी राहिली. आता रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचे आणि खाड्यांवरच्या पुलांचे काम सुरू आहे. ते पुरे झाले की एका दिवसात आणखी ठिकाणे ‘करता’ येतील आणि किनाऱ्याजवळच्या गावांतून वाहने आणखी वाढतील. रस्ता व्हावाच, तिथल्या लोकांना दवाखान्याला आणि बाजाराला जायला तो हवा आहे. पण त्याच्या आराखड्यात किनाऱ्याकडे उतरणाऱ्या जुन्या जांभ्याच्या पाखाड्या राखल्या जाव्यात आणि वाहनतळ वाळूपासून लांब असावेत, एवढी मागणी कोकणातल्या ग्रामपंचायतींनी आजच करायला हवी.

ग्रामपंचायतींना आणखी एक विनंती. किनाऱ्यावर स्वागताच्या कमानी पुष्कळ आहेत. तिथेच एक काळा फळा लावा आणि रोज सकाळी त्यावर भरती-ओहोटीच्या वेळा खडूने लिहा. खर्च जवळजवळ काही नाही, जीव वाचतील आणि माणसे चालतील. आणि यंदा कोकणात निघालेल्या वाचकांनो, खोली ठरवताना वातानुकूलन आहे का, हे विचारा, पण त्याआधी घरापासून वाळू किती पावलांवर आहे आणि तुम्ही पोहोचाल त्या दिवशी सुकती किती वाजता आहे, हे विचारून घ्या.